ठोक्याला न उडालेली बोय

९ नोव्हेंबर, शनिवार

एकही उडालं नाही. एकही!

चाळीस ठोके मारले. होडीच्या कडेवर दांडा आपटून आपटून मनगट सुजलं. एरवी तिसऱ्या ठोक्याला पाणी फुटतं. माशांत बोय ही जातच दचकरी. लाकडाचा आवाज पाण्यात गेला की बोटाएवढी पिल्लंसुद्धा हातभर उडतात — निम्मी जाळ्यात, काही थेट होडीत. माझा बाप म्हणायचा, आधी ठोका, मग जाळं. ठोक्याला उत्तर आलं नाही तर जाळं भिजवू नको. साठ वर्षं तेच केलं. आज उत्तर नाही.

म्हणजे खाडी रिकामी झाली. अकरा दिवसांत!

दिवाळीच्या तोंडावर तेल वाहणारी ती बार्ज खाडीच्या मुखाशी खडकावर घासली. पोटात कच्चं तेल. सकाळी पाण्यावर मोरपिसाचे रंग होते, दुपारपर्यंत काळी साय. पंचनाम्याला आलेल्या सरकारी साहेबांच्या माणसांनी चार दिवस कापडांनी टिपून नेलं. कांदळाच्या मुळांत, चिखलात गेलं ते तसंच आहे. साहेब धक्क्यावर उभे राहून म्हणाले, "वरचं तेल काढलं काका, खाडी स्वच्छ झाली. आता मेलेला मासा दाखवा, मग नुकसान लिहितो." बूट ओले केले नाहीत!

ही वही रेणुकाने दिली. मत्स्य कॉलेजात संशोधन करते, सावर्ड्याची पोरगी. मासे आवाजाला कसे दचकतात यावरच तिचा अभ्यास. ठोक्याने बोय धरणारा अजून कोण उरलाय, असं विचारत मे महिन्यात दारात आली होती. पुढच्या पानांवर तिने पट्टीने रकाने आखून दिलेत — तारीख, भरती-ओहोटी, ठोके, उडाले, शेरा. शेरा म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, "काही वेगळं वाटलं तर लिहायचं, चाचा." मला सगळंच वेगळं वाटतं! तिथे लिहायला गेलो की शिव्याच येतात. पोरीच्या वहीत शिव्या बऱ्या दिसत नाहीत. म्हणून वही उलटी केली. पुढून तिची, मागून माझी. परत देताना मागची पानं फाडीन. फातिमाला उर्दू वाचता येतं, मराठी नाही — तेवढं एक बरं आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

ठोके तीस. उडाले शून्य.

वही तांदळाच्या डब्यात ठेवली. मग वाटलं, फातिमा ओल्या हाताने तांदूळ काढील. कपाटावर ठेवली. कपाटावर उंदीर आहे. परत डब्यात.

फातिमा म्हणाली, "अवो, वही ठेवताय की बाळ निजवताय?"

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बापाचं ऐकलं नाही. ठोक्याला उत्तर नसताना जाळं भिजवलं, पाग फेकला. कांदळाच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात. रागानेच फेकला. ओढला तर जड!

बोयीची पिल्लं. शेकड्यांनी! जिवंत, चकचकीत, तोंडं उघडमीट करणारी. खाडी रिकामी नाहीच! मासे आहेत. त्यांना दांड्याचं काही वाटत नाही एवढंच.

खात्री करायला दोन पिल्लं बादलीत घेतली. बादलीवर दांडा मारला. माझ्या कानाला दडे बसले, ती तिथेच शेपटी हलवत. पुन्हा मारला. एक जरासं सरकलं — तेही उशिरा, झोपेतून उठवलेल्या माणसासारखं. बोयीचं पिल्लू! सावली पडली तरी पळणारी जात!

आणि बगळे. एरवी बगळा एक पाय उचलून घटकाभर उभा राहतो तेव्हा त्याला एक मासा मिळतो. आज तो चालत होता! बाजारात वांगी निवडावीत तसा. एक इथून उचल, एक तिथून. पिल्लांना पळायची आठवणच नाही. मी दांडा फेकून मारला तर बगळा दचकला, मासे नाहीत.

साहेब म्हणतात मेलेला मासा दाखवा. बगळ्याच्या पोटातला कसा दाखवू?

रक्तदाबाची गोळी घेतली. घेतली का? पाकिटात एक कमी आहे. घेतली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मिरकरवाड्याला गेलो होतो, बंदरात सांगायला. सांगायला नको होतं.

लिलाव चालू होता. अरशद — माझा पुतण्या, आता मोठ्या ट्रॉलरचा मालक — बर्फाच्या पेटीवर बसलेला. मी म्हटलं, आमच्या खाडीतली बोय ठोक्याला उडत नाही, तेलाने तिचं काहीतरी केलंय. तर म्हणतो, "चाचा, मासे बहिरे झालेत की तुम्ही?" सगळा लिलाव हसला. टोपल्या घेऊन बसलेल्या बायासुद्धा. मग म्हणतो, "जिवंत आहेत ना? मग मयताला माणसं कशाला जमवताय?"

पुतण्या आहे म्हणून मी गप्प बसलो असं नाही. शब्द सुचला नाही म्हणून. घरी येईपर्यंत सात सुचले! एकापेक्षा एक. काय उपयोग?

एवढंसं पोर होतं तेव्हा होडीत पुढे बसून माझ्याबरोबर ठोके मोजायचा. आता विचारतो, बहिरे कोण.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

रेणुका हसली नाही.

कॉलेजात तिच्या खोलीत गेलो. काचेच्या टाक्या, पाण्यात सोडलेला एक लहानसा काळा भोंगा, वर कॅमेरा. आपल्या खाडीतली पिल्लं तिने आणून ठेवली आहेत. बटण दाबलं की पाण्यात ठक्क आवाज जातो. मग चित्र हळू करून बघते, कोण वळलं, कोण नाही, किती उशिरा. म्हणाली, "तुमचा दांडा तो माझा भोंगा, चाचा."

मी विचारलं, कान गेले का त्यांचे?

"तेच मला सांगता येत नाही. बिघाड कानात असेल, डोक्यात असेल, नाहीतर अंगच उशिरा ऐकत असेल. लहानपणी अंगात तेल गेलं की काहीतरी बिघडतं एवढं दिसतंय. पण दिसतंय म्हणून चालत नाही. शेजारी ठेवायला चांगली पिल्लं हवीत, जिथे तेल पोचलंच नाही तिथली. ती उडाली आणि ही नाही उडाली, तर कागदावर येईल."

कागदावर! तेच तर हवंय मला. तीस डिसेंबरला साहेबांची बैठक आहे. कागद नसेल तर तेलाचा चिखल कुणी काढणार नाही आणि बार्ज पुन्हा याच मुखातून. मग ही पिल्लं मोठी होणार नाहीत. पुढच्या साली ठोका मारून काय, ताशा वाजवूनही काही होणार नाही.

मी म्हटलं, चांगली पिल्लं मी आणतो. फातिमाच्या माहेरची खाडी उत्तरेला आहे, तेल तिकडे गेलेलं नाही.

म्हणाली, "कॉलेजची जीप निवडणुकीला लावलीय. गुरुवारी मिळेल. मी ऑक्सिजनच्या पिशव्या घेऊन येते, मग आपण जाऊ. तोपर्यंत थांबा चाचा. आपल्या मनाने काही करू नका."

थांबा! मला थांबायला सांगणारे सगळे पगारी.

१७ नोव्हेंबर, रविवार

पौर्णिमेचं उधाण उतरायला लागलं. पिल्लं कडेला येतात ती आता दोन-चार दिवस. गुरुवारपर्यंत थांबलो आणि हुकली तर? जीप मिळालीच नाही तर? पोरगी विसरली तर?

मागल्या दारचा निळा पिंप काढला, वरून कापलेला, ट्रॉलरवरचा जुना. निरम्याने धुतला. राखेने घासला. परत निरमा, मग विहिरीचं पाणी, ते वास जाईपर्यंत. नाक घालून बघितलं. काही नाही. फातिमा म्हणाली, "एवढा घासून मला कधी टोप दिला नाहीत."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उडाली!

फातिमाच्या माहेरी गेलो, मेहुण्याच्या होडीत बसलो. सकाळची ओहोटी. म्हटलं, इथेही उत्तर आलं नाही तर मग मीच बहिरा. पहिला ठोका मारला, आणि पाणी फुटलं. चांदीची मूठ उधळावी तशी. एक पिल्लू माझ्या छातीवर आपटलं! मी ओरडलो. मेहुणा म्हणतो, "भावजी, सत्तरी गेली आणि बोय बघून ओरडताय?" त्याला काय कळणार!

दोनशेच्या वर पिल्लं पिंपात घातली. मेहुण्याचा टेंपो. खड्डा आला की माझा जीव वर. वाटेत तीनदा टेंपो थांबवून झाकण काढून बघितलं. चौथ्यांदा मेहुणा म्हणाला, "आता तुम्हीच बसा आत."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रेणुका आली. दोन दिवस मी पिंपाशीच होतो. हाताने पाणी ढवळायचं, हवा जायला हवी. थोडी मेली. प्रवासाचा धसका, दुसरं काय. बाकीची जिवंत आहेत.

आभार राहिले बाजूला. आधी विचारते, "चाचा, थांबणार होता ना? कशातून आणलीत?"

"पिंपातून."

"कसला पिंप?"

डोक्यात तिडीक गेली. साठ वर्षं मासे हाताळतोय, ही मला भांडं विचारते! म्हटलं, "नवा आहे. पाण्याचाच."

तिने मान हलवली, पिशव्यांत भरली, नेली. दहा दिवस लागतात म्हणाली — आधी रुळू द्यायची, मग आवाज.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

झुबेरचा फोन. कुवेतहून. पोरगा माझा, पण बोलतो साहेबासारखा. "अब्बा, अरशदभाई सांगत होता तुम्ही बंदरात तेलावरून भांडता. इथे माझी पण तेलाचीच कंपनी आहे."

मी म्हटलं, तू तुझ्या कंपनीला सांग, तेल तुमच्याकडेच ठेवा.

फोन ठेवल्यावर फातिमा म्हणाली, "हा वरचा पंखा कशावर फिरतो ते माहीत आहे ना? त्याच्या पगारावर."

उठलो आणि पंखा बंद केला. घाम आला. चालू केला. तिने बघितलं, तांदूळ निवडायला घेतले.

२ डिसेंबर, सोमवार

कागद आला. थुंकतो त्या कागदावर!

रेणुकाने कॉलेजात बोलावलं. मला वाटलं, झालं काम. पांढरी टोपी घालून गेलो. तिने कॅमेऱ्याची चित्रं दाखवली. आपल्या खाडीतली पिल्लं उडत नाहीत, ठीक. आणि मग माहेरच्या खाडीतली. तीही नाहीत! ठक्क होतं, चार-पाच वळतात, बाकीची तशीच. "दोन्हीत फरक निघत नाही, चाचा."

मी म्हटलं, खोटं! माझ्या छातीवर उडालं पिल्लू! माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

"मीही डोळ्यांनीच बघितलं. का झालं ते मला माहीत नाही. पण साहेबांनी विचारलं तर हेच सांगावं लागेल."

मग मी बोललो. खोलीत नाही, बाहेर कॉरिडॉरमध्ये, पोरं, मास्तर, शिपाई सगळ्यांसमोर. "किती दिले तुला बार्जवाल्यांनी? बोल ना! सावर्ड्याला घर बांधतेस की गाडी घेतेस?"

ती रडेल वाटलं होतं. नाही रडली. हळू आवाजात म्हणाली, "चाचा, तुमच्यासाठी एकदा खोटं लिहिलं तर उद्या त्यांच्यासाठीही लिहीन."

मोठी शहाणी! येताना दोन वेळा चुकीच्या रिक्षात बसलो.

३ डिसेंबर, मंगळवार

विकली गेली. सगळे विकले जातात. ठोके मारायला गेलो नाही. मारून कुणाला सांगू?

६ डिसेंबर, शुक्रवार

कॉलेजावरून गेलो. सहज. आत जाणार नव्हतोच. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "मॅडम चैत्यभूमीला गेल्यात आईवडिलांबरोबर. काही निरोप?"

निरोप नाही म्हटलं. शिपाई माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी तोही कॉरिडॉरमध्ये होता.

१० डिसेंबर, मंगळवार

साहेब आले. हसत आले! रेणुकाने विचारल्यावर खरं ते सांगितलं असणार. धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, तुम्हीच आणलेले चांगले मासे, तेसुद्धा उडत नाहीत. मग तेलाचा काय संबंध? बोयीला हल्ली आळस आला असेल."

लोक हसले. अरशदही होता. तो मात्र हसला नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चाचा, चला, सोडतो घरी." मी हात झटकला. दया नको मला कुणाची!

तीस तारखेला शिक्का बसणार. चिखल तसाच. बार्ज परत. आणि कांदळात बगळे चालतायत. आता तर पंधरा-वीस असतात. कुठून कुठून कळवलं त्यांना कुणास ठाऊक. बगळ्यांची बैठक आमच्याआधी झाली.

कडी तीनदा बघून आलो. लागली आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

फातिमाने निळा पिंप अंगणात उन्हात ओढून मंगळवारी पाण्याने भरला, मिरच्यांसाठी. आज मला हाक मारली. "अवो, या पिंपाचं पाणी मी घालणार नाही आता. बघा, पानं वळली." मी म्हटलं, मिरचीला रोग असेल, पिंपाला कशाला नावं ठेवतेस? तिच्यावर ओरडायला म्हणूनच गेलो.

वाकून बघितलं. ऊन सरळ पाण्यावर होतं.

मोरपीस.

आज लिहीत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

अरशदला फोन केला, विचारलं पिंप डिझेलचाच होता ना. "चाचा, दुसरं काय असणार त्यात? तुम्हीच तर गडगडवत नेलात. चाची आठवडाभर भांडत होती वासावरून."

कुणाला कळणार नाही. अरशद विसरून जाईल. फातिमा वाचत नाही. पोरीला वाटेल, मासेच तसे होते. साहेब हसून झाले. आता सांगितलं तर परत हसतील, आणि या वेळी बरोबर असतील.

तांदळाच्या डब्यातून वही चारदा काढली.

१४ डिसेंबर, शनिवार
(वहीच्या पुढच्या बाजूला, आखलेल्या रकान्यांत)

भरती-ओहोटी — सकाळी भरती.
ठोके — नाहीत.
उडाले — नाहीत.
शेरा — पिंप नवा नव्हता. अरशदच्या ट्रॉलरवरचा डिझेलचा होता. मला ठाऊक होतं. वरून धुतलं म्हणजे गेलं असं धरलं, साहेबांनी धरलं तसंच. चांगल्या खाडीतली पिल्लं दोन दिवस माझ्या तेलात होती आणि ढवळत मीच होतो. तू बघितलंस ते खरं होतं. पैशाचं जे बोललो ते कॉरिडॉरमध्ये बोललो, मागे घ्यायलाही तिथेच येईन, सगळ्यांसमोर. हे पान साहेबांना दाखव. मागची पानं फाडलेली नाहीत. वाचायची तर वाच. तुला दहा दिवस लागतात, तीस तारखेला सोळा आहेत. वही फाटकावरच्या शिपायाकडे देऊन मी मेहुण्याच्या खाडीवर जातो. पिशव्या घेऊन ये. जीप कधीही मिळू दे. मी पाण्याला हात लावत नाही. थांबतो.